थर्ड घाल गे

सव्वीस वर्षांत आम्ही पणजीला गेलो ते
सासूबाईंच्या डोळ्यासाठी दोनदा,
धाकट्याच्या दाखल्यासाठी पाचदा,
आणि खाणी बंद झाल्या तेव्हा हे एकटेच, मोर्चात.
आज कशासाठीच नाही.
म्हणजे, गादीसाठी.

वाळपईहून निघताना नऊ वाजले.
होंड्याच्या वळणाला विचारलं, इतकं बाहेरून कशाला घेता?
ह्यांना प्रश्नच कळला नाही.
बावीस वर्षं टिपर चालवला माणसाने,
अजून मागे दहा टन असल्यासारखा
वळणाला रस्ता सोडून देतो,
आरशात बघतो.
मागे माझी पर्स आणि पाण्याची बाटली.

आमोण्याच्या पुलावर गाडी आपोआप हळू झाली.
खाली धक्क्याला एकही बार्ज नाही.
"हांगा रांग आसताली," एवढंच म्हणाले,
मग माशेलपर्यंत काही नाही.

पणजीत बन्स खाल्ले, पातळ भाजी, दोनदा चहा.
शेजारचं जोडपं ताटाचे फोटो काढत होतं.
हे म्हणाले, आपण पण काढूया?
तोवर माझा बन्स संपला होता.

दुकानातला पोरगा म्हणाला, झोपून बघा काकी.
मी पदर सावरून कडेला टेकले.
हे चपला काढून सरळ आडवे,
डोळे मिटून, छातीवर हात.
मला ते आवडलं नाही.
उठा म्हटलं, उठा आधी.
ही बरी आहे, हीच घेऊ.

घरची गादी कापसाची, लग्नातली.
तिला दोन खळगे पडलेत
आणि मधे शेताच्या मेरेसारखा उंचवटा.
भांडण झालं की मेर बरी पडायची.
इतर वेळी, ओलांडायला काहीतरी असायचं.
नवी सपाट आहे. दहा वर्षांची गॅरंटी.

टपावर बांधलेली नायलॉनची दोरी पाटोपर्यंत टिकली.
रायबंदरच्या बांधावर वारा आला,
आणि गादी अर्धी उठली,
टपावर कोणीतरी झोपेतून उठून बसावं तशी.
ह्यांनी उजवा हात बाहेर काढून धरली,
मी डावा.
स्टिअरिंगला राहिला एकच हात.
गाडी सेकंडमध्ये कण्हायला लागली.

"थर्ड घाल गे."
मी?
चौदा वर्षं ह्या गाडीत बसते,
काच वरखाली करण्यापलीकडे
कशाला हात लावू दिलेला नाही.
"घाल. हांव क्लच दाबतां. आतां."
आधी खरखरला. मग लागला.

ओल्ड गोव्याला फेस्त.
दरवर्षी आमच्याच तारखेला असतं,
दरवर्षी दोन्ही एकदमच विसरतो.
खाजाचे ढीग, मेणबत्त्या, फुगे, बस,
आणि मधे आम्ही, दोन्ही बाजूंनी हात बाहेर,
पोहायला निघाल्यासारखे.
पोलिसाने वाकून विचारलं, "किदें रे हें?"
"गादी."
मग थोडं थांबून, समोर बघत,
"लग्नाचो वाढदीस."
हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला,
तोही दुसऱ्याला सांगताना.
पोलिस हसला नाही. शिट्टी वाजवून
आमच्यासाठी एक बस थांबवली त्याने.

फर्स्ट. सेकंड. परत फर्स्ट.
दांड्याचा गोळा उन्हाने तापलेला,
आणि कडेला गुळगुळीत,
जिथे ह्यांचा अंगठा बसत आला असणार.
खोर्लीला ते सांगत होते.
त्यापुढे त्यांचा डावा पाय हलला
की माझा हात आधीच तिथे.

बाणस्तारीचा बाजार लागला.
डाव्या खांद्याला कळ यायला लागली होती.
एका दुकानाबाहेर दोरांची वेटोळी टांगलेली,
काथ्याची, नायलॉनची, निळी, पिवळी.
मी पाहिली.
ह्यांनीही पाहिली असणार,
बावीस वर्षं रस्ताच तर पाहिलाय.

"आतां फोर्थ," म्हणाले.
घातला.